मुंबई ते न्यूयॉर्क विमानप्रवास: अंतर, लागणारा वेळ आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलगी किंवा मुलगा न्यू जर्सीत, आई-वडील पुण्यात, नाशकात किंवा डोंबिवलीत, अशी आज हजारो मराठी घरांची स्थिती आहे. प्रवासाची तारीख ठरली की पहिला प्रश्न येतो तो 'किती लांब आहे हो?' आणि त्याच्या पाठोपाठ 'किती तास बसावं लागतं?'. या दोन साध्या प्रश्नांची उत्तरे एका आकड्यात देता येतात, पण त्या आकड्यावर विसंबून आखणी केली तर ऐन वेळी धावपळ होते. म्हणून येथे प्रत्येक आकड्यासोबत तो कुठून येतो आणि प्रत्यक्षात तो का बदलतो, हेही सांगितले आहे.

मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर नेमके किती आहे?

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळापासून न्यूयॉर्कच्या जॉन एफ. केनेडी विमानतळापर्यंतचे, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या जेएफकेपर्यंतचे, पृथ्वीच्या पृष्ठभागावरून मोजलेले सर्वांत कमी अंतर सुमारे १२,५४० किलोमीटर आहे. मैलांत ते ७,८०० च्या आसपास भरते आणि वैमानिक ज्या सागरी मैलांत हिशेब करतात त्यांत सुमारे ६,७७० होते. पृथ्वीचा विषुववृत्ताजवळचा घेर साधारण ४०,०७५ किलोमीटर आहे, म्हणजे एका बैठकीत आपण पृथ्वीच्या घेराचा जवळजवळ तिसरा हिस्सा पार करतो.

हे अंतर दोन बिंदूंमधले गणिती अंतर आहे. विमान प्रत्यक्षात यापेक्षा जास्त उडते. वारा, बंद हवाई हद्दी, वादळे आणि विमानतळाभोवती उतरण्यासाठी घ्यावी लागणारी वळणे यांमुळे एरवीच्या दिवशीही काही शे किलोमीटर सहज वाढतात.

नेवार्क विमानतळ जवळ पडतो की जेएफके?

हवेतून पाहिले तर फरक नगण्य आहे. न्यू जर्सीतले नेवार्क जेएफकेपेक्षा जेमतेम पंधरा किलोमीटर लांब आहे, म्हणजे विमानाचा एक मिनिट. जमिनीवर मात्र हा फरक मोठा होतो. मुलांचे घर एडिसनच्या परिसरात असेल, तर नेवार्कहून मोटारीने साधारण तीस-पस्तीस किलोमीटर जावे लागते, आणि जेएफकेहून त्याच्या जवळपास दुप्पट, तेही शहरातील पूल, टोल आणि कोंडी ओलांडून. घर जेएफकेच्या बाजूला, क्वीन्स किंवा लाँग आयलंडला असेल, तर हेच गणित उलटे होते. तिकिटात थोडे पैसे वाचतात म्हणून दूरचा विमानतळ निवडण्याआधी, सोळा तास बसून आलेल्या वडीलधाऱ्या माणसांना आणखी दोन तास गाडीत बसवायचे का, याचा विचार जरूर करावा.

नकाशावर अमेरिका पश्चिमेला दिसते, मग विमान उत्तरेकडे का जाते?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, आणि त्याचे उत्तर समजले की पुढची अर्धी उत्तरे आपोआप मिळतात.

भिंतीवरचा नकाशा सपाट असतो आणि पृथ्वी गोल आहे. सपाट नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क यांना पट्टीने जोडले, तर रेघ मदिनेजवळून, इजिप्तमधल्या लक्सरजवळून आणि मोरोक्कोतल्या माराकेशवरून अटलांटिक महासागरात शिरते. दिसायला ती सरळ आहे, पण त्या रेघेवरून गेल्यास अंतर सुमारे १४,२०० किलोमीटर भरते. खऱ्या लघुतम मार्गापेक्षा ते साधारण साडेसोळाशे किलोमीटरने, म्हणजे विमानाच्या जवळजवळ दोन तासांनी, जास्त आहे.

माझ्या आईला हे शब्दांत पटेना, तेव्हा घरातला जुना पृथ्वीगोल काढला आणि शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला. दोऱ्याचे एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबून धरायचे, दुसरे न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणायचा. सैल असताना तो अरबस्तानावर लोळत होता. ताण देताच तो स्वतःहून वर सरकला आणि रशियावरून नॉर्वेकडे जाऊन घट्ट बसला. ताणलेला दोरा नेहमी सर्वांत जवळची वाट शोधतो. गोलाच्या पृष्ठभागावरच्या या वाटेला महावृत्त म्हणतात.

मुंबई–न्यूयॉर्क महावृत्त मुंबईतून निघताना वायव्येकडेही नसते. ते उत्तरेपासून फक्त सत्तावीस अंश पश्चिमेला कललेले असते. कच्छ आणि सिंध यांच्या सीमेवरून ते अफगाणिस्तानात शिरते, तिथून मध्य आशियातून अरल समुद्राच्या पश्चिमेने रशियात जाते, सेंट पीटर्सबर्गच्या आसपासून फिनलंड आणि स्वीडन ओलांडून नॉर्वेच्या किनाऱ्यावर येते. फॅरो बेटे आणि आइसलंड यांच्या दरम्यान ते आपल्या सर्वांत उत्तरेकडच्या बिंदूला, म्हणजे सुमारे ६५ अंश उत्तर अक्षांशाला, पोहोचते आणि मग ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून, कॅनडाच्या लॅब्राडोरवरून न्यूयॉर्ककडे उतरते. 'विमान उत्तर ध्रुवावरून जाते' असे अनेकदा सांगितले जाते. या मार्गाच्या बाबतीत ते खरे नाही, कारण महावृत्त आर्क्टिक वृत्तालाही स्पर्श करत नाही. ध्रुवाजवळून जाणारा मार्ग हवा असेल, तर तो भारत आणि अमेरिकेचा पश्चिम किनारा यांच्यामध्ये सापडतो. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अग्रवाल यांच्या नेतृत्वाखाली सर्व महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरूपर्यंत जे एअर इंडियाचे विमान आणले, ते उत्तर ध्रुवावरून आले होते.

विनाथांबा विमानाला किती तास लागतात?

मुंबईहून न्यूयॉर्कला जाताना साधारण १५ ते १६ तास, आणि तिकडून येताना साधारण १४ तास, हा अनेक वर्षांचा ढोबळ हिशेब आहे. हवाई हद्दी बंद असताना जाण्याचा वेळ याहूनही वाढतो. तिकिटावर छापलेला वेळ विमान फाटकावरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळाच्या फाटकाला लागेपर्यंतचा असतो. त्यात धावपट्टीपर्यंत जाणे, रांगेत थांबणे आणि उतरल्यानंतर फाटकापर्यंत येणे हे सगळे धरलेले असते, त्यामुळे हवेतला वेळ त्यापेक्षा अर्ध्या-पाऊण तासाने कमी असतो.

मोठ्या लांब पल्ल्याच्या विमानाचा हवेच्या तुलनेतला वेग ताशी सुमारे ९०० किलोमीटर असतो. १२,५४० ला ९०० ने भागले तर चौदा तासांहून किंचित कमी येतात. उरलेला फरक वारा आणि वळसा यांचा.

जाताना आणि येताना वेळ सारखा का नसतो?

पृथ्वी फिरते म्हणून, असे उत्तर अनेक सुशिक्षित माणसेही देतात. पृथ्वी आपल्याबरोबर हवाही घेऊन फिरते, त्यामुळे विमानाखालून जमीन सरकून जात नाही. खरे कारण वाऱ्याचे आहे.

तीस ते चाळीस हजार फुटांच्या उंचीवर, समशीतोष्ण पट्ट्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे अतिशय वेगवान वाऱ्याचे झोत असतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात ते अधिक जोरदार असतात आणि त्यांचा वेग काही ठिकाणी ताशी दोनशे-अडीचशे किलोमीटरच्याही वर जातो. न्यूयॉर्कहून निघालेले विमान या झोतात शिरून त्याचा फायदा घेते, आणि तिकडे जाणारे विमान तो टाळण्यासाठी वाट वाकडी करते. आकड्यांत पाहिले तर संपूर्ण प्रवासात सरासरी फक्त ५० किलोमीटरचा वारा समोरून असेल, तर वेग ८५० होतो आणि १२,५४० किलोमीटरला पावणेपंधरा तास लागतात. तोच वारा पाठीमागून असेल, तर वेग ९५० होतो आणि सव्वातेरा तासांत काम होते. दीड तासाचा फरक एवढ्याशा वाऱ्याने पडतो.

समोरच्या पडद्यावर 'ग्राउंड स्पीड' म्हणून जो आकडा दिसतो, तो जमिनीच्या तुलनेतला वेग आहे. परतीच्या वाटेवर अटलांटिकवर तो कधी कधी हजाराच्या पुढे गेलेला दिसतो. विमान घाईत आहे असे समजून घाबरण्याचे कारण नाही, ते नेहमीच्याच वेगाने उडत असते आणि वारा त्याला पाठीवर घेऊन चाललेला असतो.

अटलांटिकवरच्या वाटासुद्धा याच वाऱ्यामुळे रोज नव्याने आखल्या जातात. कॅनडातील गँडर आणि स्कॉटलंडमधील प्रेस्टविक येथील नियंत्रण केंद्रे त्या दिवशीच्या वाऱ्याचा अंदाज पाहून पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या वाटा जाहीर करतात. म्हणूनच आज विमान ग्रीनलंडजवळून गेले आणि पुढच्या आठवड्यात त्याच क्रमांकाचे विमान आयर्लंडच्या बाजूने गेले, तर त्यात काही चुकले असे नसते.

पाकिस्तानची आणि रशियाची हवाई हद्द बंद असली तर काय फरक पडतो?

वर सांगितलेला लघुतम मार्ग पाहिला, तर तो याच दोन देशांवरून जातो हे लक्षात येईल. २४ एप्रिल २०२५ रोजी, पहलगामच्या हल्ल्यानंतर, पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांसाठी आपली हवाई हद्द बंद केली आणि ती मुदत नंतर वेळोवेळी वाढवली. २०१९ मध्येही फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत अशीच बंदी होती. अशा वेळी भारतीय विमान मुंबईहून निघून आधी अरबी समुद्रावरून आखाताच्या दिशेने जाते आणि मग वर वळते. दिल्लीहून निघणाऱ्या विमानांना हा वळसा फार जाचक होतो. मुंबई मुळातच समुद्रकाठी आणि दक्षिणेला असल्यामुळे आपल्याला त्याची झळ तुलनेने कमी बसते, पण वेळ वाढतोच.

रशियाची बाब वेगळी आहे. युक्रेनवरील आक्रमणानंतर, २०२२ च्या सुरुवातीपासून, अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांची विमाने रशियावरून जाऊ शकत नाहीत, भारतीय कंपन्यांची जाऊ शकतात. युनायटेड एअरलाइन्सने नेवार्क–मुंबई ही विनाथांबा सेवा मार्च २०२२ मध्ये थांबवली ती याच कारणाने. दोन विमानतळांमधले अंतर एका सेंटिमीटरनेही बदललेले नसताना प्रवासाचा वेळ आणि उपलब्ध विमाने दोन्ही बदलतात, हे यातून स्पष्ट होते. आखाती देशांच्या परिसरात युद्धजन्य स्थिती निर्माण झाली, जशी जून २०२५ मध्ये झाली, तर उरलेली वाटही अरुंद होते. म्हणून तिकीट काढताना मागच्या वर्षी शेजाऱ्यांना किती तास लागले यावर न जाता, त्या महिन्याचे वेळापत्रक पाहावे.

'डायरेक्ट' आणि 'नॉन-स्टॉप' यांत फरक आहे का?

आहे, आणि तो माहीत नसल्याने गैरसमज होतात. नॉन-स्टॉप म्हणजे मध्ये कुठेही न उतरणारे विमान. डायरेक्ट म्हणजे एकाच क्रमांकाने जाणारी सेवा, जिच्यात मध्ये एखादा थांबा असू शकतो. १९६० मध्ये एअर इंडियाने बोइंग ७०७ विमानाने मुंबई–न्यूयॉर्क सेवा सुरू केली तेव्हा ती लंडनमार्गे होती. मध्ये न थांबता न्यूयॉर्क गाठणारी एअर इंडियाची सेवा २००७ मध्ये बोइंग ७७७ च्या लांब पल्ल्याच्या विमानाने सुरू झाली. मधल्या काळात ती बंद पडली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये जेएफकेसाठी पुन्हा सुरू झाली. मराठी घरांत आपण सर्रास 'डायरेक्ट फ्लाइट आहे' असे म्हणतो, तेव्हा बोलणाऱ्याच्या मनात नॉन-स्टॉप असते. तिकीट काढणाऱ्या एजंटला मात्र नेमका शब्द विचारावा.

मध्ये एक थांबा घेतला तर अंतर फार वाढते का?

नाही. ही गोष्ट सहसा लोकांच्या लक्षात येत नाही. मुंबई–लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर आणि लंडन–न्यूयॉर्क सुमारे ५,५५० किलोमीटर, मिळून १२,७५० होतात, म्हणजे सरळ जाण्यापेक्षा फक्त दोनशे किलोमीटर जास्त. फ्रँकफुर्टमार्गेही जवळजवळ एवढेच होतात. दुबई तर न्यूयॉर्कच्या अगदी वाटेवर आहे असे नव्हे, तरी मुंबई–दुबई १,९३० आणि दुबई–न्यूयॉर्क ११,०२० मिळून बेरीज १२,९५० च्या आसपासच राहते.

वाढतो तो वेळ. विमान खाली येणे, पुन्हा वर जाणे, मधली सुरक्षा तपासणी, दुसऱ्या फाटकापर्यंतची पायपीट आणि प्रतीक्षा, यांमुळे एका थांब्याचा प्रवास बहुधा १९ ते २४ तासांचा होतो. दोन विमानांमधला वेळ दीड तासापेक्षा कमी असेल, तर वडीलधाऱ्या प्रवाशांसाठी तो मी अपुराच मानतो. तीन तास हे माझ्या मते योग्य अंतर आहे. सहा-सात तासांचा थांबा स्वस्त पडला तरी पहाटे दोन वाजता अनोळखी विमानतळाच्या लोखंडी खुर्चीवर बसून काढलेला वेळ पुढचे दोन दिवस अंगातून जात नाही.

थांब्यामुळे प्रवास कसा विभागला जातो, हेही पाहावे. दुबईमार्गे तीन तास आणि मग चौदा तास अशी विभागणी होते. लंडन किंवा फ्रँकफुर्टमार्गे नऊ आणि आठ अशी ती जवळजवळ समान होते. ज्यांना सलग बसण्याचा त्रास होतो, पाय सुजतात किंवा गुडघे आखडतात, त्यांच्यासाठी युरोपमार्गे जाणे अधिक सुसह्य असते. ज्यांना विमान बदलण्याची धास्ती वाटते, इंग्रजी बोलण्याची सवय नाही, त्यांनी मात्र शक्य असेल तर विनाथांबाच जावे.

थांब्याच्या देशासाठी वेगळा व्हिसा लागतो की नाही, हे तुमच्या पारपत्रावर आणि तुमच्याकडे असलेल्या अमेरिकी व्हिसावर अवलंबून असते, आणि नियम बदलत असतात. तिकिटाचे पैसे भरण्याआधी विमान कंपनीकडून याची खात्री करून घ्यावी.

मुंबईहून रात्री निघालेले विमान त्याच दिवशी सकाळी कसे पोहोचते?

दोन्ही ठिकाणच्या घड्याळांत उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक असतो, आणि न्यूयॉर्क आपल्या मागे असते. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे घेतात. भारतात तसे काही होत नाही, म्हणून फरक वर्षातून दोनदा बदलतो.

उदाहरण घेऊ. समजा, विमान मुंबईहून मध्यरात्रीनंतर १.३० वाजता निघाले आणि सोळा तास उडाले. मुंबईच्या घड्याळात तेव्हा संध्याकाळचे ५.३० झाले असतील. उन्हाळ्यात त्यातून साडेनऊ तास वजा केले की न्यूयॉर्कचे सकाळचे ८ येतात, हिवाळ्यात ७. तारीख तीच. परतीला विमान न्यूयॉर्कहून उन्हाळ्यात दुपारी १२ वाजता निघाले, तर मुंबईत तेव्हा रात्रीचे ९.३० झालेले असतात. चौदा तासांनी, दुसऱ्या दिवशी सकाळी ११.३० वाजता, ते मुंबईत उतरते.

तोंडी हिशेबाची एक सोपी रीत सांगतो. मुंबईची वेळ घ्या, दिवसाची रात्र आणि रात्रीचा दिवस करा, आणि उन्हाळ्यात अडीच तास, हिवाळ्यात दीड तास मिळवा. मुंबईत रात्रीचे ८ वाजले असतील, तर उलटून सकाळचे ८, आणि अडीच मिळवून उन्हाळ्यात तिकडे सकाळचे १०.३०. फ्रीजवर हे लिहून ठेवले की आजी-आजोबांचे फोन तिकडे मध्यरात्री वाजत नाहीत.

हिवाळ्यात या प्रवासात आणखी एक अनुभव येतो. विमान रात्री निघते, पश्चिमेकडे जाते आणि बराच काळ उत्तरेच्या, उशिरा उजाडणाऱ्या प्रदेशावरून उडते. त्यामुळे सोळा तास उलटले तरी खिडकीबाहेर जवळजवळ अंधारच राहतो आणि न्यूयॉर्कला उतरताना कुठे तांबडे फुटत असते. जूनमध्ये याच्या उलट होते, पाच-सहा तासांतच ऊन येते आणि झोपलेली माणसे खिडक्यांचे पडदे खाली ओढू लागतात.

तिकिटावर १२ तारीख आणि वेळ ००.५० आहे. घरातून कधी निघायचे?

११ तारखेला संध्याकाळी. या एका चुकीमुळे विमान सुटल्याची उदाहरणे मी जवळून पाहिली आहेत, म्हणून हे सविस्तर लिहितो.

आपल्याकडे पंचांगाचा दिवस सूर्योदयापासून सुरू होतो. रात्री साडेबारालाही आपल्या लेखी 'आजचीच रात्र' असते. विमानाचे वेळापत्रक मात्र मध्यरात्री बारानंतर तारीख बदलते. ००.५० म्हणजे बारा तारीख सुरू होऊन पन्नास मिनिटे झालेली असतात. आमच्या इमारतीतले एक ज्येष्ठ जोडपे १२ तारखेला दुपारी निवांत जेवून, देवाला नमस्कार करून, शेजाऱ्यांकडून शुभेच्छा घेऊन संध्याकाळी विमानतळावर पोहोचले, तेव्हा त्यांचे विमान सुटून अठरा तास झाले होते. काकूंच्या हातातल्या पिशवीत नातवासाठी केलेले बेसनाचे लाडू होते आणि त्या काही न बोलता ती पिशवी घट्ट धरून बसल्या होत्या. काकांनी तिकीट दहा वेळा वाचले होते. तारीखही बरोबर वाचली होती, फक्त ती रात्र कोणत्या दिवसाची हे चुकले होते.

म्हणून मध्यरात्र ते पहाटे चार या वेळेत विमान असेल, तर घरातल्या कॅलेंडरवर विमानाच्या तारखेला खूण न करता आदल्या दिवसावर 'आज संध्याकाळी निघायचे' असे लिहावे.

दारापासून दारापर्यंत एकूण किती वेळ धरावा?

पुण्याच्या घरातून संध्याकाळी सहाला निघालेल्या माणसाचा हिशेब मांडतो. द्रुतगती मार्गाने मुंबई विमानतळ साधारण दीडशे किलोमीटर आहे, पण घाटातली आणि शहरातली वाहतूक धरून साडेतीन ते चार तास ठेवावेत. विमानाच्या तीन ते साडेतीन तास आधी पोहोचायचे. १.३० ला विमान, सोळा तास प्रवास. उतरल्यावर इमिग्रेशन, सामान आणि कस्टम्स यांना एक ते दोन तास. मग मोटारीने घर, आणखी तास-दीड तास. बेरीज साडेपंचवीस ते सत्तावीस तास होते. नाशिकचा हिशेब पुण्यासारखाच. कोल्हापूर, सोलापूर किंवा सिंधुदुर्गातून येणाऱ्यांनी एक मुक्काम मुंबईत करावा, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. आधीच रात्रभर बसने येऊन मग विमानात बसणे साठीपुढच्या शरीरावर अन्याय आहे.

नवी मुंबईचा विमानतळही आता सुरू झाला आहे. तिकिटावर बीओएम लिहिले असेल तर ते जुने, अंधेरी-सहारचे विमानतळ, आणि एनएमआय असेल तर नवी मुंबईचे. पुण्याहून येताना गाडीचालकाला हे आधीच नीट सांगावे.

अमेरिकेत पुढे दुसरे विमान असेल तर किती अंतर ठेवावे?

अमेरिकेत पहिल्यांदा जिथे उतराल तिथेच इमिग्रेशन आणि कस्टम्स होते. पुढचे विमान डॅलसचे असो वा अटलांटाचे, न्यूयॉर्कला सामान उचलावे लागते आणि तपासणीनंतर पुन्हा द्यावे लागते. यासाठी तीन तासांपेक्षा कमी वेळ ठेवू नये. अबू धाबीहून जाणाऱ्या अमेरिकी विमानांसाठी ही तपासणी अबू धाबीतच होण्याची सोय २०१४ पासून आहे. तिथून गेलेला प्रवासी अमेरिकेत देशांतर्गत प्रवाशासारखा उतरतो.

चाकाची खुर्ची हवी असेल तर ती तिकीट काढतानाच नोंदवावी. तिने अंतर कमी होत नाही, पण मोठ्या विमानतळावर फाटकापासून इमिग्रेशनपर्यंतची वाट एक किलोमीटरच्या घरात असू शकते आणि तिथे रस्ता चुकण्याची भीती उरत नाही.

एवढ्या लांबच्या प्रवासात शरीराला काय त्रास होतो?

विमानातली हवा फार कोरडी असते आणि तिचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावा तेवढा ठेवलेला असतो. त्यामुळे घसा सुकतो, थकवा लवकर येतो. सलग बसल्याने पायांतील रक्ताभिसरण मंदावते आणि क्वचित गाठ होण्याचा धोका असतो. दर दीड-दोन तासांनी उठून चालावे, बसल्या जागी घोट्यांची हालचाल करावी, पाणी घोट घोट प्यावे. हृदयविकार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा पूर्वी पायात गाठ झालेली असेल, तर डॉक्टरांना विचारूनच निघावे. इन्शुलिन किंवा ठरावीक वेळेची औषधे घेणाऱ्यांनी साडेनऊ-साडेदहा तासांच्या फरकात मात्रा कशी हलवायची, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे. औषधे हातातल्या पिशवीतच ठेवावीत, कारण मोठे सामान एखाद्या दिवशी मागे राहू शकते.

झोपेची घडी बसायला साधारणपणे जितक्या तासांचा फरक, जवळजवळ तितके दिवस लागू शकतात, आणि बहुतेकांना पूर्वेकडे, म्हणजे भारतात परतल्यावर, अधिक त्रास होतो. न्यूयॉर्कला सकाळी उतरल्यावर लगेच झोपू नये. अंगणात किंवा बाल्कनीत उन्हात बसावे, नातवंडांशी बोलावे आणि रात्री नऊपर्यंत तग धरावी. पहाटे तीनला जाग आली तर घाबरू नये.

आपले विमान कुठे आहे हे घरच्यांना कसे कळेल?

विमानाचा क्रमांक माहीत असला की विमानाचा माग दाखवणाऱ्या अनेक संकेतस्थळांवर नकाशावर ते दिसते. महासागरावर ठिपका काही वेळ हलत नाही किंवा दिसेनासा होतो, कारण तिथे जमिनीवरच्या केंद्रांपर्यंत त्याचा संदेश पोहोचत नाही. ही नेहमीची बाब आहे. ठिपका पुन्हा लॅब्राडोरच्या किनाऱ्यावर दिसू लागतो, तिथून न्यूयॉर्क साधारण अडीच तासांवर उरते. उतरल्यानंतर फोन येईपर्यंत आणखी तास-दीड तास जातो, कारण इमिग्रेशनच्या रांगेत फोन वापरू देत नाहीत. एवढा वेळ धरूनच घरी वाट पाहावी आणि निघण्याआधीच प्रवाशाशी ठरवून घ्यावे की पहिला फोन सामान हातात आल्यावर करायचा.